नदीचा वाटा कुठल्या खात्यात?



जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला की लोक छत्र्या घेऊन मुठा नदी बघायला जातात. खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे तेव्हा रिक्षावाल्यालाही तोंडपाठ असतं. दिवाळीनंतर मात्र हा आकडा कुणी विचारत नाही, कारण सांगण्यासारखा आकडाच नसतो. धरणातलं पाणी दोन वाटांनी निघून जातं. एक वाट शहराकडे, दुसरी कालव्यातून हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांकडे. पात्राच्या वाट्याला येतं ते मुख्यतः शहरानं वापरून टाकलेलं पाणी. त्यातलं काही शुद्ध केलेलं असतं, काही नसतं. जलपर्णीचं आणि चिलापी माशाचं त्यात छान चालतं. बाकीच्यांचं चालत नाही.

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. शहर म्हणतं, आमची वस्ती वाढली. शेतकरी म्हणतात, आमचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, चुकवू नका. दोघांचंही खरं असतं, आणि पिण्याच्या पाण्याला पहिला मान द्यायचा याबद्दल माझंही दुमत नाही. पण भांडण या दोघांतच मिटतं किंवा पेटतं. तिसरा वाटेकरी खाली पात्रात आहे, त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं.

या वाटेकऱ्याला किती पाणी लागतं? नुसत्या लिटरांत याचं उत्तर देता येत नाही. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी वाढलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात. ही चढण धरण भरण्याची वाट बघत थांबत नाही. पावसाळ्यातल्या मध्यम पुरांनी खडकांमधला गाळ धुऊन निघतो आणि डोह मोकळे होतात. उन्हाळ्यात हेच डोह मासे, कासवं, शिंपले यांना तगवतात, मात्र त्यांत थोडं तरी वाहतं पाणी यायला हवं. नाहीतर पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणून वर्षभर एकाच मापाची धार सोडून भागत नाही. पाण्याला महिन्यामहिन्याची चाल असावी लागते.

हे नियमात बसवता येतं. २०१८ साली केंद्र सरकारनं गंगेसाठी तशी अधिसूचना काढली. उगमाकडच्या हिमनद्यांपासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर त्या-त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या ३० टक्के, नोव्हेंबर ते मार्च २० टक्के आणि उरलेल्या महिन्यांत २५ टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे, असं तिच्यात आहे. हे आकडे पुरेसे आहेत का, यावर वाद आहेत. पण आकडा कागदावर असला म्हणजे वाद तरी घालता येतो. मुठेसाठी असा काही आकडा नाही.

आता थोडा हिशेब करू. खडकवासल्यातून नदीत १०० क्युसेक पाणी आठ महिने सतत सोडलं, तर ते दोन टीएमसीच्या जरासं पुढे जातं. १०० हाच योग्य आकडा असं मी म्हणत नाही. तो नदीचा अभ्यास करून ठरवावा लागेल. अंदाज यावा म्हणून सांगतो. पुणे शहर वर्षाला १५ टीएमसीहून बरंच जास्त पाणी उचलतं, आणि त्यातलं एक तृतीयांशाहून अधिक गळतीत जातं असं महापालिकेकडूनच सांगितलं जात आलं आहे. म्हणजे निव्वळ गळतीतच पाच टीएमसी गेले. दुसरीकडे मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेलं सांडपाणी कालव्यात सोडण्याची सोय झालेली आहे. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी असं शेतीला द्यायचं, ही त्यामागची योजना. ती पूर्ण ताकदीनं चालली आणि पाणी नीट शुद्ध झालं, तर धरणातलं तेवढं पाणी मोकळं होतं.

पण मोकळं झालेलं पाणी आपोआप नदीत जात नाही, आणि मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. सोलापूरचं उदाहरण घ्या. उजनी धरणातून सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेच्या पात्रातून पाणी सोडलं जायचं. वाटेत मुरायचं, उडून जायचं, उपसलं जायचं. थोडं पोचवायला कित्येक टीएमसी सोडावं लागायचं. समांतर जलवाहिनीनं हा अपव्यय थांबतो, आणि सोलापूरकरांना ती हवीच होती. पण त्या 'अपव्यया'वरच भर उन्हाळ्यात भीमा मधूनमधून वाहत होती, काठच्या विहिरींना पाझर होता. नळातून पाणी न्यायचं ठरलं तेव्हाच नदीसाठी वेगळं पाणी बांधून द्यायला हवं. नाहीतर एका खात्यातली बचत दुसऱ्या खात्यातली तूट होते आणि दुसरं खातं कुणी उघडलेलंच नसतं.

दुष्काळी वर्षात काय, असं तुम्ही विचाराल. तेव्हा शहराची कपात होते, आवर्तनं कमी होतात, तसा नदीचाही वाटा कमी व्हावा. फक्त तो किती कमी केला, हे जाहीर व्हावं. त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे दिवसातून अनेकदा आपल्या मोबाइलवर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज एक आकडा आला तरी सुरुवातीला पुरे. पहिले काही महिने तो शून्य आला तरी चालेल.