निकेल-क्रोमियम मिश्रधातू : गुणधर्म व औद्योगिक उपयोग

(सांवेर परिसरातील लघुउद्योजकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूरहून सांवेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील औद्योगिक क्षेत्रात औषधे, रसायने, खाद्यपदार्थ व यंत्रसामग्री यांचे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यातील आम्लाचे पात्र किंवा नळी झिजून फुटली, तर हानी केवळ मालाची होत नाही. जवळच्या कामगाराला इजा पोहोचते आणि नाल्यात गेलेले द्रव्य कान्ह नदीतून सांवेर तहसिलीतील शेतांजवळून पुढे क्षिप्रेपर्यंत जाऊ शकते. म्हणून पात्र कोणत्या धातूचे असावे, हा प्रश्न केवळ किंमतीचा नव्हे.

साध्या लोखंडावरील गंज सच्छिद्र असतो. त्यामुळे आतील धातू झिजतच राहतो. क्रोमियम मात्र पृष्ठभागावर अत्यंत पातळ व चिवट असा ऑक्साइडचा थर निर्माण करते. ओरखडा पडला तरी प्राणवायूच्या सान्निध्यात हा थर पुन्हा तयार होतो. निकेलमुळे मिश्रधातूला उष्णतेतही बळकटी राहते आणि कॉस्टिक सोड्यासारख्या दाहक क्षारांना तोंड देण्याची शक्ती येते. विजेच्या शेगडीतील नायक्रोमची तार याच कुळातील असून, अल्बर्ट मार्श यांना तिचे पेटंट 1906 मध्ये मिळाले.

उद्योगात प्रसिद्ध असलेल्या ‘मिश्रधातू 600’ मध्ये निकेल किमान 72 टक्के, क्रोमियम 14 ते 17 टक्के व लोखंड 6 ते 10 टक्के असते. उष्णता-उपचाराच्या भट्ट्यांतील टोपल्या, कॉस्टिक सोड्याची बाष्पके व रासायनिक पात्रे यांसाठी तो वापरतात. ‘मिश्रधातू 625’ मध्ये मॉलिब्डेनम व नायोबियम मिसळलेले असल्याने समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही तो टिकाव धरतो.

स्टेनलेस स्टील स्वस्त आहे व बहुतेक कामांना पुरेसेही आहे. परंतु क्लोराइडयुक्त गरम द्रव आणि धातूवरील ताण एकत्र आले की त्याला आतून बारीक तडे जातात. वरून भांडे चकचकीत दिसते आणि एके दिवशी अकस्मात फुटते. तेथे अधिक निकेल असलेला मिश्रधातू वापरणे हिताचे ठरते. तथापि तोही सर्वशक्तिमान नाही. गंधकयुक्त तप्त वायू निकेलला खातात, आणि अणुवीज केंद्रांच्या अतितप्त शुद्ध पाण्यात 600 ला तडे गेल्याचा अनुभव जगात अनेक ठिकाणी आला आहे.

भारतात निकेल बहुतांशी आयात करावे लागते. क्रोमाइट मात्र ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात विपुल आहे. हैदराबाद येथे 1973 मध्ये स्थापन झालेली मिश्र धातु निगम ही सरकारी संस्था असे उच्च दर्जाचे मिश्रधातू देशातच बनवते.

तेव्हा खरेदीपूर्वी उद्योजकाने द्रव कोणता, तापमान किती व क्लोराइड किती, हे लिहून काढावे. धातूचे परीक्षण-प्रमाणपत्र मागावे. जोडकामासाठी त्याच प्रतीची सळई वापरावी आणि साध्या लोखंडी तारेच्या ब्रशाने तो पृष्ठभाग कधीही घासू नये. जेथे गरज नाही तेथे महाग धातू घेऊ नये. जेथे गरज आहे तेथे मात्र काटकसर करू नये.