पत्रांचे दप्तर आणि रुग्णाचा विश्वास

(न्यासाच्या सातपूर येथील वार्षिक सभेत कार्यालयाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वार्षिक सभेत खाटा, शस्त्रक्रिया आणि नवी यंत्रे यांविषयी बोलण्याची प्रथा आहे. आज आम्ही ज्या विषयासाठी आपला वेळ घेत आहोत, तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही बसविता येत नाही. रुग्णालयाचा ई-मेल, भ्रमणध्वनीवरील संदेश आणि या सर्वांचे जतन, हा तो विषय होय. या कामी न्यासाचा पैसा खर्च करावा, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. धर्मादाय पैशातील प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा आपणांस अधिकार असल्याने त्यामागील कारणे आपल्यासमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

पूर्वी प्रत्येक कार्यालयात आवक-जावक नोंदवही असे. आलेल्या पत्रावर क्रमांक पडे, गेलेल्या पत्राची स्थळप्रत राही आणि कारकून बदलला तरी वही कपाटातच असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढे सारा पत्रव्यवहार संगणकावर गेला. पत्र क्षणात पोहोचू लागले. परंतु नोंदवही मात्र अनेक संस्थांत मागेच राहिली. फुकट मिळणाऱ्या खाजगी पत्त्यावरून संस्थेचा कारभार चालतो, संकेतशब्द एकाच व्यक्तीस ठाऊक असतो आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की तिच्यासमवेत संस्थेचे दप्तरही जाते.

यातून रुग्णाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. समजा, सातपूरच्या एखाद्या कारखान्यातील कामगारावर शस्त्रक्रिया झाली. विमा कंपनीने ई-मेलने मंजुरी कळविली, प्रयोगशाळेने अहवाल ई-मेलने धाडला, बाहेरच्या तज्ज्ञाने आपले मत संदेशाद्वारे दिले. दोन वर्षांनी दाव्याविषयी वाद उपस्थित झाला, तर त्या कुटुंबाची बाजू सिद्ध करणारा कागद कोठे शोधावयाचा? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात आणि मागणी झाल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. मार्च २०२० मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी ई-मेल व संदेशांद्वारे सल्ला देण्यास मान्यता दिली, तशीच त्या सल्ल्याची नोंद ठेवण्याची जबाबदारीही डॉक्टरांवर टाकली. जो संदेश उपचाराचा भाग झाला, तो केसपेपरचाही भाग झाला, हे ओघानेच आले.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ एवढ्याने काम भागत नाही. बॅकअप म्हणजे त्या त्या वेळी घेतलेली संगणकाची प्रत. यंत्र बिघडल्यास ती उपयोगी पडते. परंतु सकाळी आलेले पत्र दुपारी कोणी पुसून टाकले आणि प्रत रात्री घेतली, तर ते पत्र तिच्यात असणारच नाही. अभिलेखागार किंवा आर्काइव्ह ही व्यवस्था निराळी आहे. तिच्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत, ते कोणाच्या हाती पडण्यापूर्वीच, वेगळ्या कोठारात जाते. ठरविलेली मुदत संपेपर्यंत ती कोणास बदलता वा पुसता येत नाही आणि नाव, तारीख किंवा विषय यांवरून तिचा शोध घेता येतो.

नाशिककरांना ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या तीर्थोपाध्यायांनी यात्रेकरूंच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. आडनाव आणि गाव सांगताच नेमकी वही पुढ्यात येते, ती तिच्या मांडणीमुळे. जतन म्हणजे केवळ साठा नव्हे. हवे ते हवे तेव्हा सापडणे हे त्याचे खरे लक्षण होय.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा अभिलेख न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते व त्यात अभिलेखाची ‘हॅश’ नमूद करावी लागते. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण; मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती बदलते.

देणगीदारांच्या दृष्टीने आणखी एक धोका ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१५ साली ओएनजीसीसारख्या बलाढ्य उपक्रमाच्या ई-मेल पत्त्यातील दोन अक्षरांची अदलाबदल करून भामट्यांनी बनावट पत्ता तयार केला आणि सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात वळविले. देणगीदारास आमच्या नावाने ‘बँक खाते बदलले आहे’ असे पत्र गेले, तर? म्हणून रुग्णालयाचा ई-मेल स्वतःच्या नोंदणीकृत नावावर असावा, त्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रास आहे हे जाहीर असावे आणि प्रत्येक पत्रावर अंकीय मोहोर असावी. समोरची यंत्रणा ती तपासून तोतया पत्र अडवू शकते. केवळ रूपसाम्य असलेल्या पत्त्यापुढे मात्र हा उपाय अपुरा पडतो; तेथे दूरध्वनीवरून खात्री करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

ही यंत्रणा उभारावयाची कोठे? रुग्णालयात स्वतःचा सर्व्हर ठेवावयाचा तर वातानुकूलन, अखंड वीज आणि रात्रीबेरात्री धावून येणारा जाणकार हवा. दुसरा मार्ग भाड्याच्या सेवेचा. योगायोगाने तो आपल्या परिसरास अपरिचित नाही. ई.एस.डी.एस. ही २००५ साली स्थापन झालेली कंपनी सातपूरच्याच औद्योगिक वसाहतीत माहिती केंद्र चालविते. अमुकच कंपनी निवडावी, असे आमचे म्हणणे नाही. निवड निविदा मागवूनच व्हावी. मात्र करारात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: माहिती भारतात राहील, सेवा बदलल्यास सर्व पत्रे वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळतील आणि एक प्रत अन्य शहरात असेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली आणि अनेक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेवर जो प्रसंग आला, तो आपल्यावर येणारच नाही असे कोणी म्हणू शकेल काय?

सर्व काही सदासर्वकाळ ठेवावे, असेही आम्ही सुचवीत नाही. रुग्णाचा आजार ही त्याची खाजगी बाब आहे. हेतू संपल्यावर आणि अन्य कायद्याचे बंधन नसल्यास वैयक्तिक माहिती नष्ट करावी, हेच तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. म्हणून प्रत्येक प्रकारच्या पत्राची मुदत ठरावी. कोठार कोण उघडू शकेल हे लेखी असावे आणि ते उघडल्याची नोंदही व्हावी. भ्रमणध्वनीवरील गटांत रुग्णाचे नाव, छायाचित्र वा अहवाल फिरणे बंद व्हावे आणि उपचारविषयक संदेश संस्थेच्या यंत्रणेतूनच जावेत, असा आमचा आग्रह आहे.

याच पैशात निर्धन रुग्णांची सेवा होणार नाही काय, हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळीत नाही. पण न्यायालयाने ठरवून दिलेल्या २००६ च्या योजनेनुसार निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखल्या जातात, तेव्हा त्या खऱ्या गरजूंना मिळाल्या याचा पुरावाही पत्रांतच असतो. ज्याच्यापाशी वकील नाही आणि कागद जपण्यास कपाटही नाही, त्याच्या वतीने रुग्णालयानेच कागद जपला पाहिजे. सधन माणूस आपल्या प्रती स्वतः ठेवतो. दप्तर हरवले की नुकसान गरिबाचे होते.

विश्वस्तांनी प्रस्तावाचा साकल्याने विचार करावा. देणगीदारांनी खातेबदलाचे कोणतेही पत्र आल्यास कार्यालयाशी प्रत्यक्ष बोलल्याखेरीज रक्कम पाठवू नये. आणि रुग्णांच्या आप्तांनी आपल्या कागदपत्रांची मागणी निःसंकोचपणे करावी, ही नम्र विनंती.