सहाध्यायांचे ऋण
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या गुणी विद्यार्थ्यांचा आपण सत्कार केला, त्यांपैकी बरेच जण अभियांत्रिकीच्या शिक्षणास निघाले आहेत. त्यांना चार शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. मी स्वतः केवळ मॅट्रिक. माझे आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे गेले. तेव्हा यंत्रांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु बरोबर शिकणाऱ्यांच्या नात्यासंबंधी जे मी जवळून पाहिले, ते आपणांपुढे ठेवतो.

माझे वडील बंधू १९७३ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले. ही विद्यासंस्था १८५४ सालची. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये येथूनच अभियंता होऊन बाहेर पडले. २०२२ साली तिला विद्यापीठाचा दर्जा लाभला. आपले दादा तेथे शिकतात, ह्याचा आम्हां घरच्यांना केवढा अभिमान वाटे!

१९७४ साली मी शाळकरी असताना चार दिवस त्यांच्या वसतिगृहात राहिलो. खोलीत दोन खाटा, ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि जिवापाड जपलेली स्लाइड रूल. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून दादांच्या तळहातांना फोड आले होते. रात्री काचेखाली दिवा लावून एकाचे ड्रॉइंग दुसरा उतरवून घेई. शिक्षक ह्या नात्याने मी त्याचे समर्थन करणार नाही. मात्र सर्वांनी ज्याचे ड्रॉइंग मागून न्यावे, असा मुलगा दादांच्याच खोलीत राहत होता.

तो शेतकऱ्याचा मुलगा, आपल्या ज्ञातीचा नव्हे. त्याच्या घरून आलेल्या भाकरी-चटणीत दादांचा वाटा ठरलेला असे. मुळा-मुठेच्या संगमाजवळ महाविद्यालयाचा १९२८ पासूनचा बोट क्लब आहे. तेथे त्यानेच मला नेले आणि वल्हे कसे धरावे ते शिकविले. दादा तापाने आजारी पडले, तेव्हा त्यांच्या उशाशी तोच बसला होता. पुढील वर्षी त्याचे वडील वारले. पाठीवर तीन भावंडे. शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परतला.

दादांनी आपल्या वर्गबंधूंच्या पत्त्यांची एक वही ठेवली होती. प्रत्येक दिवाळीला ते सर्वांना पोस्टकार्डे पाठवीत. कोणी धरणावर, कोणी कारखान्यात, कोणी परदेशी गेला. वही मात्र चालू राहिली. २०२३ साली प्रवेशाला पन्नास वर्षे झाली म्हणून मेळावा ठरला. दादांनी वहीवरून निमंत्रणांची यादी केली आणि ती वाचून पाहण्यासाठी माझ्याकडे दिली. हजेरी घेण्याची जन्माची सवय, मी यादी वाचली आणि विचारले, "दादा, वल्हेवाल्याचे नाव कोठे आहे?"

ते म्हणाले, "अरे, त्याने शिक्षण मध्येच सोडले. यादी पदवीधरांची आहे."

मी म्हणालो, "मेळावा तर प्रवेशाच्या पन्नाशीचा आहे ना? प्रवेश त्यानेही घेतला होता."

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्याने तापात पाणी पाजले, त्याला एक पोस्टकार्डही गेले नव्हते. दुष्टाव्याने नव्हे, यादी करताना पदवीकडे पाहिले, माणसाकडे पाहिले नाही, इतकेच.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघे त्याच्या गावी गेलो. विहिरींवरील पंप दुरुस्त करण्याचे त्याचे छोटे दुकान आहे. दादांना पाहताच त्याने हात पुसले, परंतु येण्यास तो तयार होईना. "तुम्ही सारे साहेब, मी तेथे काय म्हणून येऊ?" असे म्हणाला. दादा म्हणाले, "माझा रूम पार्टनर म्हणून ये. चूक माझी झाली आहे." तेव्हा तो आला. त्याच्या ड्रॉइंगवरून आपण कसे उत्तीर्ण झालो, हे मेळाव्यात एकेकाने उभे राहून सांगितले. तो खाली मान घालून ऐकत होता. पण परतताना त्याने वहीत आपला पत्ता स्वहस्ते लिहिला. ते अक्षर अजूनही नकाशावरील अक्षरासारखे रेखीव आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज हातातील मोबाईलमुळे शंभर जणांना एका क्षणात निरोप जातो. परंतु यादीत कोणाचे नाव घालावे, हे त्या यंत्राला कळत नाही. ते आपणांसच ठरवावे लागते. पहिल्या वर्षी जे बाकावर शेजारी बसतील, त्या सर्वांची नावे लिहून ठेवा. त्यांत जात, गाव, हुद्दा पाहू नका. आपल्या संस्थेने तुम्हांला हात दिला, तो आपल्याच कोंडाळ्यात बसण्यासाठी नव्हे. आणि जो नापास होईल, किंवा परिस्थितीमुळे मागे राहील, त्याला पहिले पत्र लिहा. यशस्वी मित्राची खबर कोठूनही मिळते. मागे राहिलेल्याची विचारपूस मुद्दाम करावी लागते.