नोंद पूर्ण, तरच पक्की



२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पत्त्यातील असा बदल केसपेपर विभागात झाला आणि औषध विभागात राहून गेला, तर एकाच रुग्णाचे दोन रुग्ण होऊ शकतात. एका नोंदीतील पेनिसिलीनची ॲलर्जी दुसरीत दिसत नाही.

वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो, की नावे लिहिल्यावाचून जमा पुरी होत नाही. अनेक विभागांच्या संगणकीय नोंदींनाही तोच नियम लागू आहे. प्रणाली प्रथम प्रत्येक विभागाची तयारी विचारते; सर्वांचा होकार आल्यावरच नोंद कायम होते, एकाचाही नकार आल्यास सर्वत्र रद्द होते.

कोरा कागद पाहून परिचारिका रुग्णास विचारते. अर्धवट कागदावर मात्र विश्वास ठेवते. म्हणून आपल्या देणगीचा हिशेब आणि रुग्णाचा जीव, दोन्ही या शिस्तीवर अवलंबून आहेत.