वाचनस्पर्धा आणि शेवटच्या बाकावरील मूल



मुलांच्या वाचनस्पर्धा हा आजचा विषय पाहून काही श्रोत्यांना वाटले असेल की, मोठ्यांच्या या मंडपात हे बालवाडीचे प्रकरण कशाला? पण पुण्यात अलीकडे वाचनाचे वारे जोराचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या मैदानावर ३०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखविली आणि चीनच्या नावावरील जागतिक विक्रम मोडला. त्याच शालेय वर्षात राज्य शासनाने महावाचन उत्सव सुरू केला. मुलांनी आवडीचे पुस्तक वाचावे आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत, अशी ती योजना. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा तर २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन झालेला आहे. या उत्साहाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मुलाला जवळ घेऊन बापाने गोष्ट वाचावी, यात हसण्यासारखे काय आहे? आम्हांला विचारावयाचे आहे ते इतकेच की, या साऱ्या खटाटोपात मोजतात ते काय?

बाहेरच्या जगाकडे पाहू. ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालये १९९९ पासून उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना आव्हान देतात : सहा पुस्तके वाचा, वाटेल ती वाचा. त्यासाठी पैसा पडत नाही. दुबईहून २०१५ मध्ये सुरू झालेली अरब वाचनस्पर्धा मोठ्या दमाची. तिच्यात वर्षाला पन्नास पुस्तकांचा नेम आहे. तिसरा प्रकार आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. मूल वाचते, त्याचे काका, मामा, शेजारी दर पुस्तकामागे काही रक्कम देण्याचे कबूल करतात, आणि जमलेला पैसा दूरच्या मुलांच्या कामी येतो. म्हणजे इथल्या मुलाने पान उलटले की तिथल्या मुलाच्या हाती पुस्तक पडावे! कल्पना मोठी गोड आहे. मात्र पुस्तक हाती पडणे आणि ते वाचता येणे यांत अंतर आहे, आणि आमचा सगळा प्रश्न त्या अंतराचा आहे.

मुंबईच्या वस्त्यांतून ज्या ‘प्रथम’ संस्थेचे काम सुरू झाले, तिच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघर जातात, मुलाला जवळ बसवतात आणि अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट, असे चढत्या क्रमाने वाचावयास देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली निम्म्याहून अधिक मुले वर्गात बसतात, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतात आणि वाचनस्पर्धेच्या दिवशी टाळ्या वाजवितात. पन्नास पुस्तके वाचणाऱ्याला ढाल मिळते. त्याच्या घरी कपाट होते, आई वाचीत होती. स्पर्धा नसती तरी तो वाचताच. मग स्पर्धेने वाढविले काय?

येथे आम्हांला सातारा जिल्ह्याची आठवण होते. १९५९ मध्ये तिथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. ती प्रौढांची होती, मुलांची नव्हे, हे खरे. परंतु तिच्यातली एक गोष्ट आजच्या स्पर्धा भरविणाऱ्यांनी उचलावी. गौरव गावाचा होत असे. गावातील माणसे साक्षर झाली म्हणजे ग्रामगौरव समारंभ व्हावयाचा. एखादी म्हातारी मागे राहिली की तिच्या घरचे, शेजारचे तिच्यामागे लागणार, कारण तिच्यापायी समारंभ अडलेला! स्पर्धेतील सगळ्यांत महत्त्वाचा माणूस पहिला नसून शेवटचा ठरला. युनेस्कोने १९७२ मध्ये या मोहिमेचा सन्मान केला. तिच्यातील उणीवही झाकण्याचे कारण नाही. समारंभानंतर जिथे वाचावयास काही उरले नाही, तिथे गिरवलेली अक्षरे हळूहळू पुसली गेली.

दोन्ही धडे आपल्या शहराला नवे नाहीत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्याच १८४८ सालची पुण्यातील दुसरी स्थापना म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर. एका ठिकाणी अक्षरे, दुसऱ्या ठिकाणी ग्रंथ. दोन्हींचे पत्ते बुधवार पेठेतले! पायी काही मिनिटांची ही वाट शाळेतल्या मुलीला मोकळी व्हावयास किती दशके लागली, याचा हिशेब सभेतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी मनाशी करावा.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. स्पर्धेच्या वहीत ‘पुस्तकाचे नाव’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : ‘कोणाबरोबर वाचले’. सहावीतल्या मुलीने दुसरीतल्या मुलाशेजारी बसावे, एक ओळ तिने वाचावी, एक त्याने. बक्षीस दोघांच्या जोडीला, आणि तेही त्या लहानग्याला नवी गोष्ट स्वतः वाचता आली तरच. पुस्तकांची अडचण कोणी पुढे करील. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये उघडलेल्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत, फुकट मिळतात आणि छापूनही घेता येतात. रकाना आला की खोटी नोंदही येते, हे पुणेकरांस सांगावयास नको. परंतु मूल समोर उभे करून अर्धे पान वाचून घेतले की नोंदीचा खरेखोटेपणा लागलीच कळतो. एक पथ्य मात्र हवे. कोण कच्चा आहे, याची यादी फळ्यावर लागता कामा नये. ज्याला वाचता येत नाही त्याला ते ठाऊक असतेच, आणि त्याची लाज त्याने आधीच पुष्कळ सोसलेली असते.

शाळा जूनच्या मध्यास उघडतील. वही छापावयाची तर सोळा पानांची पुरे. कागद साधा चालेल, अक्षर मोठे हवे. आतील प्रत्येक पानावर दोन नावांना जागा असावी. वरच्या पुठ्ठ्यावर एकूण पुस्तकांच्या संख्येचा चौकोन छापणाऱ्याने आपण होऊन घातलाच, तर तो काढून टाकावयास सांगावे.