हार हा शेवट नव्हे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



डॉन स्टेली या अमेरिकन बास्केटबॉल खेळाडूची हकीकत आज सांगतो. 1970 साली फिलाडेल्फियात तिचा जन्म झाला. आई लोकांच्या घरी साफसफाई करी. उंची अवघी साडेपाच फूट. वस्तीतल्या मैदानावर मुलांच्या बरोबरीने खेळून ती तयार झाली आणि व्हर्जिनिया विद्यापीठात पोहोचली.

1991 साली महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात तिचा संघ जादा वेळेत तीन गुणांनी हरला. विद्यार्थिदशेत ते अजिंक्यपद तिला कधीच लाभले नाही. पण तिने ना मैदान सोडले, ना शिक्षण. 1992 साली ती पदवीधर झाली. पुढे 1996, 2000 आणि 2004 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली.

2000 साली, खेळाडू असतानाच, स्टेलीबाई टेंपल विद्यापीठात प्रशिक्षक झाल्या. 2008 मध्ये त्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात गेल्या. पहिल्या हंगामात 10 विजय आणि 18 पराभव! मात्र 2017 साली त्यांच्या मुलींनी तेच अजिंक्यपद जिंकले. 2022 आणि 2024 साली पुन्हा जिंकले.

पालकहो, एक कबुली देतो. परीक्षा जवळ आली की मुलींचा खेळाचा तास घेऊन मीही गणित शिकवले आहे. तुम्हीही मुलगी आठवीत गेली की तिचे मैदान बंद करता. हरल्यावर पुन्हा उभे राहण्याचा धडा पुस्तकातून येत नाही. यापुढे तो तास मी घेणार नाही. तुम्हीही तिला अडवू नका.