गिऱ्हाईक कोणाचें?

विणकर लुगडें विणतो, पेठेंतला व्यापारी तें विकतो आणि एखादी गृहिणी तें नेसते. आतां या व्यवहारांत विणकराचें गिऱ्हाईक कोण? रोख पैसे मोजणारा व्यापारी, कीं लुगडें नेसणारी ती बाई? बाजार तेजींत असतो तोंवर या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची कोणास गरज भासत नाहीं. मंदी आली म्हणजे मात्र तें द्यावेंच लागतें. श्रोतेहो, आज मी आपणांस अशाच एका कंपनीची हकीकत सांगणार आहें. ती लुगडीं विणणारी नव्हे, खिशांत मावणारे फोन करणारी.

कॅनडा देशांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत वॉटर्लू नांवाचें शहर आहे. तेथें 1984 सालीं ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी स्थापन झाली. 1999 सालीं तिनें ‘ब्लॅकबेरी’ या नांवाचें, ई-मेल पोंचविणारें एक छोटें यंत्र बाजारांत आणलें. पुढें त्या यंत्राचा फोन झाला. वकील, पेढीवाले, सरकारी अधिकारी अशा कामाच्या माणसांना त्याची इतकी संवय जडली, कीं अंगठ्यानें बारीक कळा दाबीत बसलेला मनुष्य हें अमेरिकेंतल्या कचेऱ्यांतलें नेहमींचें दृश्य झालें.

हा फोन लोकांच्या हातीं कसा जाई, हें येथें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे बहुधा फोन एका दुकानांत घेतात आणि सिमकार्ड निराळ्या कंपनीचें घालतात. अमेरिकेंत त्या काळीं तसा प्रघात नव्हता. तेथें संदेशवहनाचें जाळें चालविणारी दूरसंचार कंपनीच बहुतेक फोन विकी. दोन वर्षें तुमचे ग्राहक राहूं असा करार लिहून दिला, कीं महागडा फोन ती थोडक्या किंमतींत देई आणि उरलेली किंमत दरमहाच्या बिलांतून वसूल करी. म्हणजे दुकान तिचें, मांडणी तिची, विकणारा नोकरही तिचाच! शिवाय ब्लॅकबेरीचे संदेश रिसर्च इन मोशनच्या स्वतःच्या केंद्रांतून जात, आणि त्याबद्दल दर ग्राहकामागें मासिक शुल्क दूरसंचार कंपन्या तिला देत. फोन एकदांच विकला जाई, पण हें उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येत राही. अशा स्थितींत तिनें दूरसंचार कंपन्यांची मर्जी सांभाळावी, यांत नवल तें काय?

परंतु मर्जी सांभाळण्याचेंही मोल द्यावें लागतें. 2007 सालीं ॲपलचा आयफोन निघाला, आणि अमेरिकेंत तो एकट्या एटी अँड टी कंपनीच्या जाळ्यावर चाले. तिची प्रतिस्पर्धी व्हेरायझन. तिला आयफोनच्या तोडीचें कांहीं तरी तांतडीनें हवें होतें. तिच्यासाठीं ब्लॅकबेरीनें 2008 च्या नोव्हेंबरांत ‘स्टॉर्म’ हा फोन काढला. ज्या कळांवर ब्लॅकबेरीच्या चाहत्यांचा जीव, त्या कळाच यांत नव्हत्या. सबंध कांच दाबून अक्षरें उमटवावयाचीं होतीं. फोन सदोष निघाला, आणि पुष्कळांनीं तो परत केला. व्हेरायझननें मग काय केलें? पुढच्याच वर्षीं मोटोरोलाचा ‘ड्रॉइड’ जवळ केला आणि जाहिरातींचा सारा भर तिकडे वळविला. व्यापाऱ्यास दुसरा विणकर मिळाला. पहिल्याच्या पदरीं नाराज झालेलीं गिऱ्हाइकें तेवढीं राहिलीं.

2011 च्या ऑक्टोबरांत, ज्या यंत्रणेवर कंपनीची सारी पत उभी होती, तीच बिघडली. 10 तारखेपासून युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका येथें आणि आपल्या भारतांतही संदेश अडकून पडले. दोन दिवसांनीं हा बिघाड उत्तर अमेरिकेपर्यंत पोंचला. एक मुख्य स्विच बंद पडला होता, आणि त्याच्या जागीं यावयाची राखीव व्यवस्था ऐन वेळीं उपयोगी पडली नाहीं. 13 तारखेस सेवा पूर्ववत् झाली, आणि संस्थापक माइक लाझारिडिस यांनीं ग्राहकांची जाहीर क्षमा मागितली. बिल एका कंपनीचें आणि बिघाड दुसरीचा, असा तो प्रकार होता. त्या चार दिवसांत ब्लॅकबेरीस आपल्या फोनधारकांशीं थेट बोलणें भाग पडलें.

पुढें दिवस फिरले. 2013 सालीं नवा ‘झेड 10’ फोन आला. पण तो इतका पडून राहिला, कीं त्या सप्टेंबरांत कंपनीस सुमारें 93 कोटी डॉलरांचा तोटा हिशेबीं मांडावा लागला आणि 4,500 नोकऱ्या कमी करण्याचें जाहीर करावें लागलें. त्याच सुमारास टी-मोबाइल या अमेरिकेंतील दूरसंचार कंपनीनें आपल्या दुकानांत हे फोन ठेवण्याचें बंद केलें.

यानंतरची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. 2014 च्या फेब्रुवारींत टी-मोबाइलनें आपल्याकडील ब्लॅकबेरीधारकांना ई-मेल धाडून आयफोन घेण्याविषयीं सुचविलें. पडत्या कंपनीचा फोन टाकून देण्यास माणसें आनंदानें तयार होतील, असाच तिचा हिशेब असावा. पण ते ग्राहक तिच्यावरच उलटले! आपला फोन आपण पारखून घेतला आहे, तो बदलण्यास सांगणारे तुम्ही कोण, असा त्यांच्या तक्रारींचा सूर होता. ब्लॅकबेरीचे नवे मुख्याधिकारी जॉन चेन यांनीं त्यांचे आभार मानले आणि टी-मोबाइलच्या वर्तनाचा उघड निषेध केला. टी-मोबाइलनें सारवासारव केली: जुना ब्लॅकबेरी देऊन नवा फोन घेणारास 200 डॉलरांची सूट, आणि तो नवा फोनही ब्लॅकबेरीच असल्यास आणखी 50. तरी तेढ मिटली नाहीं. 1 एप्रिल रोजीं चेन यांच्या कंपनीनें जाहीर केलें, कीं टी-मोबाइलशीं असलेला परवाना 25 एप्रिलला संपतांच त्याचें नूतनीकरण होणार नाहीं.

यांत दोष कोणाचा? टी-मोबाइल व्यापारी होती. जें खपतें तें पुढें मांडणें हा व्यापाऱ्याचा धर्म. चेन यांचा राग खरा होता, हेंही मान्य. पण परिणाम पाहा. जे ग्राहक ब्लॅकबेरीच्या बाजूनें उभे राहिले, त्यांना चालू सेवा मिळत राहिली, तरी नवा ब्लॅकबेरी आपल्या दूरसंचार कंपनीकडून घेण्याची वाट बंद झाली. भांडण दोघांचें आणि अडचण तिसऱ्याची! पुढें 2015 सालीं या दोन कंपन्यांचा समेट झाला. परंतु तोंवर बाजार फार पुढें निघून गेला होता. 2016 च्या सप्टेंबरांत ब्लॅकबेरीनें स्वतः फोन बनविणें सोडल्याचें जाहीर केलें, आणि 4 जानेवारी 2022 रोजीं जुन्या फोनांची सेवाही थांबविली.

आयफोनची सरस कारागिरी हें या ऱ्हासाचें मोठें कारण, यांत शंका नाहीं. पण ज्यांच्या हातीं आपला फोन दिवसभर असे, त्यांच्यापाशीं जाण्याची स्वतःची वाट या कंपनीनें भरभराटीच्या काळांत बांधली नाहीं. मासिक शुल्क देणारासच तिनें गिऱ्हाईक मानलें. खरीं गिऱ्हाइकें तिला 2014 सालीं, त्या संतापलेल्या पत्रांतून दिसलीं. तीं तिच्यासाठीं भांडावयास उभीं राहिलीं, तेव्हां त्यांच्या हातीं ठेवण्यासारखें तिच्यापाशीं फारसें कांहीं उरलें नव्हतें.